थोरलीचे सुटे भाग

काकांना घरी आणायचं ठरलं ते आईनं ठरवलं म्हणून, आणि दादा बरोबर निघाला तो कपाट एकट्या धाकट्याच्यानं उचललं जाणार नव्हतं म्हणून. येतो किंवा येत नाही, असं काही त्यानं आठवडाभरात तोंडातून काढलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यानं व्हॅनमधल्या काचा उभ्या करायच्या लाकडी चौकटी काढल्या, सामानाला जागा राहावी म्हणून मागच्या दोन बाकांपैकी एकच परत बसवलं, आणि हात धुवून गप जेवायला बसला. सूनबाईनं त्यावरून काय ते ओळखलं. तेवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा होकार तिला असाच कळत आला होता, पान्ह्याच्या आवाजावरून.

घरात सगळे तिला सूनबाई म्हणत. गल्लीतल्या दुकानदारांनीही तेच नाव उचललं होतं. पण थोरली सून ती नव्हेच, असं सासरे गमतीनं सांगत. थोरली सून म्हणजे दारातली व्हॅन. सासरे आणि काका या दोघा भावांनी मिळून ती जुनीच विकत घेतली, आणि सूनबाईच्या लग्नाआधी चार महिने ती घरात आली. तेव्हापासून तिचं नाव थोरली. बारा माणसं बसतील किंवा तीन दारांच्या काचा उभ्या राहतील एवढी लांब, वळवताना गल्ली अडवणारी, आणि चढावर स्वतःशीच पुटपुटणारी. घराण्याचा धंदा काचेचा. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. त्या सगळ्या थोरलीनं वाहिल्या. शिवाय ताईचं वसतिगृहातलं सामान, शेजाऱ्यांची कपाटं, सहलीला निघालेलं अख्खं कुटुंब, आणि एकदा तर एका शिक्षकाची दोन हजार पुस्तकं. सूनबाईची लेक तिच्यातच जन्मता जन्मता राहिली. त्या दिवशी चाकावर काका होते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांनी असा चुकवला होता की मागे काच आहे असं कुणालाही वाटावं.

सूनबाईला गाडी शिकवली तीही काकांनीच. लग्नाला तीन महिने झाले असतील. मागे सासरे एक मोठा आरसा धरून बसले होते. काका म्हणाले होते, "मागं काच असली की ब्रेक पायानं दाबायचा नाही, पोटानं दाबायचा." ते वाक्य तिला वर्षभर कळलं नाही. मग एके दिवशी गाडी पोटाला हिसका न बसता थांबली तेव्हा कळलं, आणि त्यानंतर तिच्या हातून एकही काच फुटली नाही.

तर सकाळी सात वाजता पाच जण थोरलीत बसले. चाकावर सूनबाई, शेजारी आई. मधल्या बाकावर ताई आणि धाकटा. दादा मात्र बाकावर जागा असूनही मागे, दोरखंडाच्या वेटोळ्यावर जाऊन बसला.

गावाबाहेर पडल्यावर धाकट्यानं विषय काढला. तो एका मोठ्या गोदामात मालाच्या ने-आणीचं काम बघतो, त्यामुळे गाड्यांबद्दलचं शेवटचं मत आपलं असतं असं त्याला वाटतं. त्याचं म्हणणं, ही थोरलीची शेवटची खेप. मोडीत काढणाऱ्याशी तो बोलून आला होता, येत्या बुधवारी माणूस येऊन घेऊन जाणार होता. दुकानाला छोटा बंद टेंपो घ्यावा, आणि माणसांसाठी एक साधी गाडी. अठ्ठावीस वर्षांच्या गाडीवर माणसांनी जीव टाकू नये. शिवाय हिचे भाग कुठेच मिळत नाहीत, हे तर वहिनीलाच सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

ते खरं होतं. कंपनीनं हे मॉडेल बनवणं कधीच बंद केलं होतं. तरी गेली दहा वर्षं काही मोडलं की मिस्त्री दोन आठवडे मागून घेई आणि कुठून तरी नेमका तोच भाग पैदा करी. कुठे मिळाला विचारलं तर "मिळाला एका भंगारात" एवढंच बोलून बोनेटखाली डोकं खुपसे. अशा भागांनी थोरली रंगीबेरंगी झाली होती. मूळची पांढरी, पण सरकतं दार गडद हिरवं, डावीकडचा आरसा हिरवा, मागच्या चाकावरचा पत्राही हिरवा. गल्लीतली पोरं तिला ठिगळवाली म्हणत.

धाकट्याचं बोलणं संपल्यावर ताईनं आपलं काढलं. तिला गाडीचं काही पडलं नव्हतं, काकांचं पडलं होतं. पडून काकांचं मनगट मोडलं होतं, आणि नजरेचा मधला भाग गेल्यानं त्यांना कडेचं दिसे पण समोरचं दिसत नसे. एकटं राहणं आता शक्य नव्हतं, यावर दुमत नव्हतंच. पण काकांनी दादाच्या घरी कसं राहायचं, हा तिचा प्रश्न होता. ती आवाज खाली आणून म्हणाली, "जो माणूस अकरा वर्षं त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही, त्याच्या घरात ते जेवतील तरी का? मी नेते त्यांना माझ्याकडे."

"चौथ्या मजल्यावर, जिना चढून," आई म्हणाली.

"निदान वर कुणी तरी बोलेल त्यांच्याशी."

धाकट्यालाही ते पटलं. एरवी या भावा-बहिणीचं कधी एकमत होत नसे, पण त्या सकाळी व्हॅन मोडीत आणि काका चौथ्या मजल्यावर, या दोन्ही गोष्टींवर ते एक झाले. सूनबाईनं मधल्या आरशातून मागे पाहिलं. दादानं सगळं ऐकलं होतं. तो हातातल्या दोरीची गाठ सोडत होता आणि पुन्हा घालत होता.

त्या अबोल्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी ते बोलून दाखवत नसे. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी सासरे दुकानात काच कापायच्या टेबलावरच कोसळले. थोरली घेऊन काका नदीपलीकडे एका दुकानाची काच पोचवायला गेले होते. फोन गेला, काका लगेच उलटे फिरले, आणि पुलाच्या मधोमध थोरली बंद पडली ती पडलीच. पुढे-मागे वाहनांची रांग लागली. रुग्णवाहिकाही त्याच रांगेत अडकली. शेवटी शेजाऱ्यानं आपली गाडी लांबच्या रस्त्यानं काढून सासऱ्यांना नेलं. संध्याकाळी ते गेले. दवाखान्याच्या फाटकात काका धापा टाकत आले, पूल ते चालत ओलांडून आले होते, तेव्हा दादा सगळ्यांसमोर एकच शब्द बोलला. "तुमच्यामुळे." महिन्याभरात काका-काकूंनी गाव सोडलं आणि काकूच्या माहेरच्या गावी घर केलं. धंद्यातला, गाडीतला आपला वाटा काकांनी सोडून दिला. तीन वर्षांपूर्वी काकू गेली, तेव्हाही आई आणि सूनबाईच बसनं जाऊन आल्या. गाडीचा गिअर नीट पडत नाही, असं दादा म्हणाला होता.

आईनं दादाला अनेकदा समजावलं होतं की डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय, टेबलावर पडले त्याच क्षणी फार उशीर झाला होता, दोन तास आधी नेलं असतं तरी काही फरक पडला नसता. प्रत्येक वेळी दादा मधेच उठून जाई. सूनबाईला वाटे, याला बापाचं दुःख एवढं आहे की ऐकवत नाही.

दहाच्या सुमाराला ते पोचले. काकांचं घर बैठं, दोन खोल्यांचं, गल्लीच्या टोकाला. काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. डाव्या मनगटाला प्लॅस्टर, अंगात इस्त्रीचा सदरा. गाडीचा आवाज गल्लीत शिरला तसे ते उभे राहिले, आणि कुणी खाली उतरायच्या आत म्हणाले, "सूनबाई, तिसरा गिअर अजून ओरडतोय."

सूनबाईला हसू आलं. आई पुढे होऊन म्हणाली, "भाऊजी, वाळलात किती." काका जरा तिरके उभे राहून डोळ्यांच्या कडेनं एकेकाला बघत होते. ताई, धाकटा, आई. दादा कपाटाकडे जाण्याच्या निमित्तानं त्यांच्या बाजूनं सरळ आत निघून गेला. काकांनी त्याच्या पावलांच्या दिशेनं मान वळवली.

सामान फार नव्हतं. एक कपाट, दोन गाद्या, भांड्यांची पेटी, काकूचं शिवणयंत्र, काकांची हत्यारं. काच कापायची हिरकणी काकांनी खिशातच ठेवली होती. ताईनं भांडी भरायला घेतली, आई कपड्यांच्या घड्या घालत बसली. दोघे भाऊ कपाटाला लागले. दादा धाकट्याला "उचल", "ठेव", "डावीकडे" एवढंच सांगत होता. काका भिंतीला टेकून उभे होते, आणि आपल्याच घरात कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून सारखे सरकत होते. ते पाहून ताईनं सूनबाईकडे असं बघितलं, की बघ, मी काय म्हणत होते.

कपाट बांधायला आणलेली दोरी कमी पडली. सूनबाईनं विचारलं तसं काका म्हणाले, मागच्या दाराआड खिळ्याला आहे. मग चटकन म्हणाले, "थांब, मी देतो." पण ते चाचपत येईपर्यंत सूनबाई मागच्या दारापर्यंत पोचलीही होती. खिळ्याला दोरी नव्हती. तिला वाटलं, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये असेल. तिनं शेडच्या तोंडावर लावलेली ताडपत्री बाजूला केली.

आत थोरली उभी होती.

क्षणभर तिला खरंच तसं वाटलं. तेच लांबट अंग, तेच चौकोनी तोंड. फक्त ही गडद हिरवी होती, आणि विटांच्या चार थरांवर टेकवलेली. चाकं नव्हती. बोनेट उघडं, आत अर्धी पोकळी. सरकत्या दाराच्या जागी मोकळी चौकट होती आणि खालचा रूळ लखलखीत पुसून ठेवला होता. डावा आरसा नव्हता. मागच्या चाकावरचा पत्रा नव्हता. बाजूच्या फळीवर छोटे-मोठे भाग गवतात गुंडाळून, सुतळीनं बांधून ओळीनं ठेवलेले होते. सुतळीची गाठ चपटी, दोन वेढ्यांची, काच बांधताना मारतात तशी. मिस्त्रीच्या टेबलावर दहा वर्षं ती गाठ सूनबाईच्या डोळ्यांसमोरून जात होती, आणि ती कुणाच्या हातची हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तिनं तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. पलीकडे हातोडीचा आवाज चालू होता. ती म्हणाली, मी काकांच्या परसात उभी आहे. हातोडी थांबली.

"पाहिलंत ना शेवटी," मिस्त्री म्हणाला. "बरं झालं, वहिनी. शपथ घातली होती मला. पोटात ठेवून ठेवून पोट फुगलं माझं."

मग त्यानं भडाभडा सगळं सांगितलं. काका गाव सोडून गेल्यावर वर्षभरानं त्यांनीच फोन केला होता, थोरली कशी आहे म्हणून. मिस्त्री म्हणाला, सामान मिळत नाही, फार दिवस चालायची नाही. दोन महिन्यांनी काकांचा पुन्हा फोन, की इथल्या एका शाळेनं तशीच गाडी काढून टाकली आहे, मी ती परसात आणून ठेवली, काय लागेल ते सांग. त्यानंतर सेल्फ, रेडिएटर, दार, दाराचा रूळ, जे मागितलं ते काकांनी स्वतः काढून, साफ करून बसनं पाठवलं. "वायपरची मोटर चार महिन्यांपूर्वी आली ना," मिस्त्री म्हणाला, "ती त्यांनी नुसत्या हातानं चाचपून काढली. दोन दिवस लागले त्यांना. दिसत नाही हे मला तेव्हा कळलं."

सूनबाईनं फोन खाली घेतला तेव्हा मागे दादा उभा होता. एवढा वेळ का लागला ते बघायला आला होता. त्यानं किती ऐकलं ते तिनं विचारलं नाही. तो हिरव्या गाडीकडे बघत पुढे गेला, आणि दाराच्या मोकळ्या रुळावरून त्यानं बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं.

काका भिंत धरत आले. त्यांच्या पाठोपाठ ताई आणि धाकटा, आणि सगळे कुठे गेले म्हणून आई. शेडमध्ये सहा माणसं आणि एक बिनचाकांची गाडी. धाकट्यानं हिरव्या पत्र्याकडे पाहिलं, मग घराच्या आरपार गल्लीत उभ्या असलेल्या थोरलीच्या हिरव्या दाराकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कशाला, काका?" दादानं विचारलं.

अकरा वर्षांनी बोललेला तो पहिला शब्द. काकांनी मान तिरकी केली, पुतण्या नीट दिसावा म्हणून.

"पुन्हा पुलावर उभी राहू नये म्हणून," ते म्हणाले. "घरात माणसं आहेत. कधी कुणाला घाईनं न्यावं लागेल, सांगता येतं का."

दादा हिरव्या गाडीच्या पायरीवर बसला. बराच वेळ तो हाताला लागलेलं तेल चोळत राहिला. मग कुणाकडेच न बघता त्यानं सांगितलं.

"डिझेलचा पंप बदला, असं मिस्त्रीनं मला सांगितलं होतं. बाबा गेले त्याच्या पंधरा दिवस आधी. म्हणाला, कधीही दगा देईल. मी म्हटलं, हातातलं काम आटपलं की बघू. काकांना मी बोललोच नाही. ते आपले नेहमीसारखी किल्ली घेऊन गेले."

सूनबाईला एकदम तो सगळा काळ उलटा दिसायला लागला. आईचं बोलणं अर्धवट टाकून उठून जाणारा दादा. काकूच्या वेळी गिअरचं निमित्त करणारा दादा. थोरलीचा जरासा आवाज बदलला तरी हातातलं ताट सोडून बाहेर धावणारा दादा. ज्याला ती दुःख समजत आली होती ते नुसतं दुःख नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून आपल्याला हे कळलं नाही, याचं तिला वाईट वाटलं, आणि यानं हे एकट्यानं कसं वाहिलं, याचं त्याहून जास्त.

"ठाऊक होतं मला," काका म्हणाले.

दादानं वर पाहिलं.

"मिस्त्रीनं सुतकातच सांगितलं. रडत आला होता माझ्याकडे."

"मग बोलला का नाहीत तेव्हा? मी सगळ्यांदेखत तुम्हाला..."

काकांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "तुझा बाप गेला होता. दुकान, आई, धाकट्याचं शिक्षण, सगळं तुझ्या अंगावर आलं होतं. त्यात आणखी हे कुठं घालू? माझ्यावर राग धरून का होईना, तू उभा राहिलास. माझं तेवढ्यात भागलं."

आई इतका वेळ शेडच्या तोंडाशी उभी होती. ती पुढे आली. सूनबाईला वाटलं, सासूबाई आता मुलाला जवळ घेतील. पण आई संतापली होती, आणि तिला संतापलेली पाहण्याचे प्रसंग फार आले नव्हते. ती म्हणाली, एकानं गप्प राहून गुन्हा पोटात घातला, दुसऱ्यानं गप्प राहून माफी पोटात घातली, आणि मधल्या मधे मी एक दीर, एक जाऊ आणि निम्मं घर गमावून बसले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी याला सांगत होते तर हा ऐकायला थांबत नव्हता. "आता ऐक," ती दादाला म्हणाली. "तुझ्या पंपानं ते गेले नाहीत. भाऊजींच्या गाडीनंही गेले नाहीत. त्यांची वेळ टेबलावरच झाली होती. ऐकलंस?"

"ऐकलं," दादा म्हणाला.

मग मात्र तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. एवढा बाप्या माणूस, पन्नाशीला टेकलेला, पायरीवर बसून लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. काका चाचपत जवळ आले. त्यांचा चांगला हात आधी पत्र्याला लागला, मग पुतण्याच्या खांद्याला.

ताई नाक पुसत घरात गेली आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली. धाकटा मधेच बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलून आला. बुधवारी यायचं नाही म्हणून सांगितलं, एवढंच तो सूनबाईच्या कानाशी पुटपुटला. टेंपोचं पुढं बघू, थोरली असू दे. आपण गाडीत काय काय बोललो ते काकांना सांगू नको, असंही म्हणाला.

थोड्या वेळानं दादा उठला. तोंड धुऊन आला. हिरव्या गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं विचारलं, "हिच्यात अजून काय काय चांगलं उरलंय?"

काकांनी न बघता सांगितलं. गिअरबॉक्स, मागचा आस, दोन खिडक्या, आणि पुढची मोठी काच. गिअरबॉक्ससाठी मिस्त्रीला घेऊन पुन्हा यावं लागेल. पण पुढची काच आज नेता येईल. वळणदार काच, आता कुणी बनवत नाही. "ती मी मुद्दाम ठेवली होती," ते म्हणाले. "काच बसनं पाठवता येत नाही."

आणि मग पुढचा तासभर जे झालं ते बघायला सूनबाई बादली उपडी घालून तिथंच बसली. काच काढणं हे तर या घराचं काम. दादानं पात्याची सुरी घेऊन रबराच्या कडेत घातली. काका गाडीच्या आत बसले आणि उजव्या हाताचा तळवा काचेला लावून सांगू लागले, "इथं सुटली. इथं नाही अजून. थोडं वर जा. हं, आता हळू." समोरचं न दिसणारा माणूस काचेच्या थरथरण्यावरून सांगत होता आणि दादा एकही शब्द न तोडता ऐकत होता. दोघांचे हात अकरा वर्षांपूर्वी जिथं थांबले होते तिथून पुढं चालू झाल्यासारखे चालले होते. एका टोकाला रबर जाम झालं तसं दादा चिडला. काकांनी त्याला दम दिला, त्यानंही उलट उत्तर दिलं, आणि ते ऐकून आईला शेडच्या दारात बसल्या बसल्या इतकं बरं वाटलं की ती हसली.

काच सुटली. दादा आणि धाकट्यानं ती दोन्ही बाजूंनी धरली, ताई पुढे रस्ता मोकळा करत चालली. काकांच्या दोन गाद्यांच्या मधे ती उभी ठेवली आणि कपाटाच्या आधारानं बांधली. गाठ काकांनी एका हातानं घातली, दुसरं टोक दादानं ओढलं.

निघायला चार वाजले. शेजाऱ्यांकडे किल्ली दिली. कुणी कुठे बसायचं याची पुन्हा एकदा चर्चा झाली. आई म्हणाली, मी मागे बसते, भाऊजींना पुढे बसू दे. ताईनं काकांचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं. त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकताना तिनं सांगितलं की दर रविवारी ती भेटायला येणार आहे, दादाच्याच घरी, आणि चौथ्या मजल्याचा विषय तिनं परत काढला नाही. दादा या वेळी मधल्या बाकावर बसला, बरोबर काकांच्या मागे.

सूनबाईनं गाडी सुरू केली. मागे काच होती, म्हणून ती सावकाश निघाली. काका खिडकीच्या कडेनं आपलं घर मागे जाताना पाहत होते. काकूचं घर, त्यांच्या एकटेपणाचं घर. गाव संपलं, दोन्हीकडे मोकळं रान आलं, तेव्हा सूनबाई म्हणाली, "काका, माझ्या लेकीला आज फोन करून सांगायचंय. तिला आणायला-सोडायला सहा वर्षं ही गाडी एकदाही उशिरा पोचली नाही. मला वाटायचं, माझं चालवणं चांगलं आहे."

"चांगलंच आहे," काका म्हणाले.

"पण तुम्ही होता ना बरोबर. दर वेळी."

काकांनी पुढं हात टेकवून डॅशबोर्ड उगीचच पुसला.

मागे आईला डुलकी लागली होती. धाकटा आणि ताई, काकांना रस्त्याकडची खोली द्यावी की अंगणाकडची, यावर हळू आवाजात भांडत होते. दादा बऱ्याच वेळानं पुढे वाकला. त्याचं तोंड काकांच्या कानापाशी आलं, आणि काय बोलायचं ते त्यानं मनात दोन-तीनदा जुळवलं असावं, कारण निघालं ते अगदी साधं निघालं.

"उद्या सकाळी वाचनालयाच्या खिडक्यांची मापं घ्यायची आहेत, काका. जुन्या चौकटी आहेत, एकही काटकोनात नाही. येता का?"

"मी येऊन काय करू? डोळे कुठं आहेत मला."

"डोळे आहेत माझ्याकडे. हात पाहिजेत."

थोरली चढाला लागली. सूनबाईनं गिअर बदलला, तो ओरडला, आणि तिघांनीही तो ऐकून सोडून दिला. काका समोरच्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते, जणू तो त्यांना दिसत होता. चढ संपला.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.